सहगमन आणि स्वप्नरंजन : ऐतिहासिक प्रणयमालिकांच्या आस्वादातील एक नैतिक प्रश्न

१

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर वसलेले खराडी हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतीचे गाव होते. आज तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायाच्या काचेच्या इमारती आणि वीस-वीस मजल्यांची गृहसंकुले उभी आहेत. हीच नदी खराडीवरून पुढे काही कोस वाहत थेऊरला जाते. थेऊर अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहेच. पण मराठी वाचकाच्या मनात त्या गावाला आणखी एक अर्थ आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे तेथे क्षयाने वारले आणि त्यांची पत्नी रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेली. नदीकाठी तिचे वृंदावन आहे. खराडीतील उंच सदनिकांमधून सायंकाळी ज्या दृश्यकथा पाहिल्या जातात, त्यांत पेशवाईतील या दांपत्याची कथा असते आणि अलीकडच्या काळात चीनमधील राजवाड्यांच्या प्रणयकथाही असतात. एका बाजूला शनिवारवाडा, दुसऱ्या बाजूला पेकिंगचे निषिद्ध नगर. ही शेजारणी योगायोगाची वाटली, तरी तिच्यामागे एक समान आशयसूत्र आहे. त्या आशयसूत्राची ओढ कशात आहे आणि त्यात कोणता दोष दडलेला आहे, हा येथील विचाराचा विषय आहे.

अशा मालिकांचा विचार मराठी समीक्षेने सहसा केलेला नाही. केला असेल तर 'रंजनवादी' असा शिक्का मारण्यापुरताच. हा शिक्का खोटा नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' या निबंधात अद्भुताच्या आहारी जाणाऱ्या कथनप्रवृत्तीची चिकित्सा केली होती, आणि भालचंद्र नेमाडे यांनी ऐतिहासिक कादंबरीच्या रंजनपरतेवर कठोर टीका केली. तथापि एखादी कृती रंजन करते असे म्हटल्याने ती कशाच्या साहाय्याने रंजन करते, हा प्रश्न सुटत नाही. नैतिक प्रश्न उपस्थित होतो तो या दुसऱ्या ठिकाणी.

२

प्रथम ओढीचा विचार करणे न्याय्य ठरेल. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली ती दूरदर्शनवर आली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे माधवराव-रमाबाई एका पिढीच्या स्मरणात कायमचे राहिले. पुढे त्याच अभिनेत्रीने, मृणाल कुलकर्णी या नावाने, २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. आणि २०१९ मध्ये कलर्स मराठी वाहिनीवर 'स्वामिनी' ही मालिका सुरू झाली. पन्नास-साठ वर्षे एकच कथा वेगवेगळ्या माध्यमांतून पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि दर वेळी तिला प्रेक्षक लाभतो, याचे कारण केवळ प्रेक्षकाची भाबडी आवड असे मानता येणार नाही.

या कथेचे सामर्थ्य तिच्या सामाजिक चतुराईत आहे. तिच्यातील विवाह वडीलधाऱ्यांनी ठरवलेला आहे, जातीच्या आणि कुळाच्या चौकटीत आहे, आणि मुलीच्या अजाण वयात झालेला आहे. प्रेम मात्र नंतर, त्या चौकटीच्या आतच उमलते. म्हणजे चौकट न मोडता व्यक्तीला निवडीचे समाधान मिळते. मराठी मध्यमवर्गाचा विवाहविषयक अनुभव आजही बव्हंशी याच द्वंद्वात अडकलेला आहे. ठरवून केलेल्या लग्नात 'आपले' असे काही घडावे, ही इच्छा घरोघरी आहे. आणि बंड न करता ती पुरी होते असे सांगणारी कथा हवीहवीशी वाटणे स्वाभाविक आहे. त्या जोडीला संयमाचे सौंदर्य येते. दालनाच्या उंबऱ्याशी थबकलेले पाऊल, पदराआडची नजर, चारचौघांत उच्चारता न येणारे नाव, यांमुळे प्रणयाला जी तीव्रता लाभते, ती सर्व काही बोलता येणाऱ्या जगात लाभत नाही. निर्बंध हेच येथे भावनेचे इंधन असते.

चिनी मालिकांची ओढही याच जातीची आहे. तेथेही रीतिरिवाज, वस्त्रे, मानाच्या पायऱ्या आणि बोलण्याचे नियम यांचे दाट जाळे असते, आणि त्या जाळ्यातून एखादा शब्द, एखादा कटाक्ष निसटतो तेव्हा प्रेक्षक सुखावतो. २०११ च्या 'बुबु चिंगशिन' या मालिकेत एकविसाव्या शतकातील एक तरुणी खांगशी सम्राटाच्या काळात जाऊन पडते आणि राजपुत्रांच्या प्रेमात व वारसाकलहात गुरफटते. या कथानकाने या साहित्यप्रकाराचे गुपितच उघड केले आहे. अशा प्रत्येक कथेतील नायिका खरे तर आजचीच असते. जुन्या काळात तिला केवळ पाठवलेले असते. मराठी कथा हे प्रवासाचे यंत्र दाखवत नाहीत, एवढाच फरक.

३

नायिका आजची, तर इतिहास कोणाचा? चिनी उदाहरण येथे फार उद्बोधक आहे. २०१८ या एकाच वर्षी चिएनलुंग सम्राटाच्या अंतःपुरावर दोन अत्यंत लोकप्रिय मालिका आल्या : सत्तर भागांची 'यान्शी राजवाड्याची कथा' आणि सत्त्याऐंशी भागांची 'रुयी'. दोहोंचा काळ, राजा आणि स्त्रिया त्याच. ऊला-नारा घराण्यातील सम्राज्ञी १७६५ च्या दक्षिणयात्रेत सम्राटाच्या रोषास पात्र झाली. तिने आपले केस कापले असे सांगतात, आणि मांचू रिवाजात केस कापणे केवळ राजशोकातच क्षम्य होते. १७६६ मध्ये ती वारली तेव्हा सम्राज्ञीला साजेसा अंत्यविधीही तिच्या वाट्याला आला नाही. 'यान्शी'मध्ये हीच स्त्री खलनायिका आहे आणि सम्राटाची दुसरी पत्नी, लिंग, ही नायिका. 'रुयी'मध्ये हे नाते नेमके उलटे होते. तेथे ऊला-नारा ही नायिका आणि लिंगच्या ऐतिहासिक प्रतिमेवर बेतलेली स्त्री कपटी.

या उलथापालथीतून एक गोष्ट सिद्ध होते. कोण प्रिय आणि कोण अप्रिय हे इतिहास ठरवत नाही, कथनाचा रूपबंध ठरवतो. रूपबंधाला एक प्रेमिका हवी असते आणि तिला छळणारी एक स्त्री हवी असते. त्या जागा भरण्यासाठी तो इतिहासातून नावे उचलतो. छळाचे खरे उगमस्थान, म्हणजे अनेक स्त्रियांना एका पुरुषाच्या कृपेसाठी झगडायला लावणारी व्यवस्था, त्यामुळे पार्श्वभूमीत जाते आणि दोष एका बाईच्या स्वभावावर येऊन पडतो.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चिएनलुंग आणि थोरले माधवराव हे समकालीन होते. ऊला-नाराची अवकृपा १७६५ ची. त्या वेळी माधवरावांची कारकीर्द ऐन भरात होती. दोन वेगळ्या जगांतील दोन राजवाड्यांविषयी आज जे सांगितले जाते त्यात इतके साम्य असावे, याचे कारण त्या काळात नसून आजच्या कथनाच्या गरजेत आहे.

४

ऐतिहासिक मालिकांवर आपल्याकडे जे आक्षेप घेतले जातात ते बहुधा तपशिलाचे असतात : दागिने चुकले, भाषा चुकली, अमुक व्यक्तीची बदनामी झाली. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' या चित्रपटातील काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावरून झालेला गदारोळ हा या प्रकारचा होता. घराण्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यात होता. स्त्रीच्या जगण्याचा प्रश्न नव्हता. तपशिलाची चूक दुरुस्त करता येते. ज्या कथेत एकही तपशील चुकलेला नाही, तिच्यातही अधिक खोल असा दोष असू शकतो. तो मूल्यांच्या वाटपाचा दोष होय.

हे वाटप पेशवाईच्या कथांत कसे घडते ते पाहावे. १७४० मध्ये थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले. मस्तानीही लवकरच वारली. तिच्या मृत्यूच्या प्रकाराविषयी मतभेद आहेत, पण ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) पासून चित्रपटापर्यंत प्रणयकथेचे लक्ष या दोन लगतच्या मृत्यूंवर खिळलेले आहे. काशीबाई मात्र १७५८ पर्यंत जगली. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्या घरात वाढला आणि पानिपतात कामी आला. त्या अठरा वर्षांना प्रणयकथेत स्थान नाही. १७६१ मध्ये नानासाहेब वारले. गोपिकाबाई सती गेली नाही. ती १७८८ पर्यंत जगली, मुलाशी मतभेद झाल्यावर नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. प्रणयकथेत ती कठोर सासू आहे. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई हिने पानिपतानंतर पतीचा मृत्यूच मान्य केला नाही. तोतयाचे प्रकरण झाले, १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली, तरी ती १७८३ पर्यंत सौभाग्यचिन्हांसह राहिली. तिच्या वाट्याला कणव येते, नायिकापद येत नाही. आणि रमाबाई, जी चितेवर गेली, ती नायिका.

हे चित्र एकत्र पाहिले की त्यातील सूत्र लपत नाही. जी पतीमागून जगते ती कठोर, कारस्थानी किंवा भ्रमिष्ट. जी मरते ती प्रेमिका. कोणत्याही लेखकाने वा दिग्दर्शकाने हे सूत्र जाणूनबुजून मांडले असेल असे मानण्याचे कारण नाही. उलट त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात स्त्रीविषयी खरी सहानुभूती दिसते. पण रूपबंध त्यांच्या सहानुभूतीहून बलवत्तर ठरतो. प्रेमकथेला पूर्णविराम हवा असतो, आणि रूढीने सिद्ध केलेला पूर्णविराम थेऊरच्या नदीकाठी तयारच असतो. परिणामी जी रूढी म्हणून समाजाने लादली, ती भावना म्हणून प्रेक्षकापुढे येते. चितेचा अग्नी प्रेमाच्या रूपकात विरघळतो.

चीनचा इतिहासही अशा मृत्यूंपासून मुक्त नाही. १४६४ मध्ये मिंग सम्राटाने मृत्युसमयी राजपत्नींना सोबत मारण्याची प्रथा बंद केली. तरीही मांचूंचा मूळपुरुष नुरहाची याच्यामागून १६२६ मध्ये अबाहाई हिला मरावे लागले. खांगशीने १६७३ मध्ये मृतामागून मरण्यास बंदी केली आणि युंगचंगने १७२८ मध्ये विधवांच्या आत्महत्येला उत्तेजन देणे अनुचित ठरवले. तथापि चिनी अंतःपुरकथेचा कल वेगळा आहे. २०११ च्या 'जन ह्वान'च्या कथेत नायिका प्रेम गमावते, पण जगते आणि शेवटी राजमाता होते. तेथे विधवा हीच विजयी आहे. हे मराठी कथेपेक्षा पुढचे पाऊल म्हणावे काय? काही अंशी होय. कारण जगणे हा तेथे अपराध नाही. परंतु ती ज्या व्यवस्थेने भरडली गेली त्याच व्यवस्थेच्या शिखरावर बसून विजयी होते; व्यवस्था तशीच राहते. मराठी कथेत व्यवस्था निष्कलंक राहते कारण नायिका मरते. चिनी कथेत ती अबाधित राहते कारण नायिका जिंकते.

५

या विवेचनावर दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप कलेच्या स्वायत्ततेचा आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने मराठी समीक्षेला असे शिकवले की, कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत रचनेत शोधावे, बाहेरच्या नीतितत्त्वांत नव्हे. हा धडा मोलाचा आहे. पण प्रस्तुत प्रश्न बाहेरून आणलेला नाही. सहगमनाचे दृश्य सुंदर वाटते ते त्यातील वेदना वजा करून. जळणाऱ्या देहाची वेदना, भोवतालच्या वाद्यांचा गजर, सभोवती उभ्या असलेल्या पुरुषांची संख्या हे सारे संहितेतून वगळल्याखेरीज तेथे लय साधत नाही. जी रचना आपल्याच आशयातील मुख्य घटकापासून डोळे मिटून घेते, तिच्यात रचनेचाच उणेपणा आहे. नैतिक दोष येथे सौंदर्यदोष होऊन येतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. रमाबाईने स्वेच्छेने सहगमन केले असेल, तर तिच्या इच्छेला नाकारण्याचा अधिकार आजच्या वाचकाला कोणी दिला? तिला केवळ बळी ठरवणे हाही तिचा अपमानच नव्हे काय? गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की, सतीच्या वादात एकीकडे तिला वाचवू पाहणारा परकीय शासक बोलतो, दुसरीकडे तिलाच मरण हवे होते असे सांगणारा स्वकीय बोलतो, आणि या दोघांच्या मध्ये ती स्त्री मात्र नाहीशी होते. ऐतिहासिक प्रणयकथेने यात तिसरा आवाज मिळवला : कादंबरीकाराचा. तो आवाज मृदू आहे, रसाळ आहे, आणि म्हणूनच तो तिचाच आहे असा भास होतो. तिची इच्छा नाकारणे हे येथे अभिप्रेत नाही. तिला दिलेली इच्छा तिचीच आहे असे मानण्यास नकार देणे एवढेच अभिप्रेत आहे. ज्या समाजात विधवेपुढे केशवपन, एकभुक्त राहणे आणि अंधारी खोली हेच पर्याय असतात, तेथे चितेची 'निवड' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे. आणि कथा हा प्रश्न विचारू देत नाही, हीच तिच्याविरुद्धची तक्रार आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. 'स्वामी' ही मालिका ज्या १९८७ सालची, त्याच वर्षी ४ सप्टेंबरला राजस्थानात देवराला येथे रूपकंवर ही तरुण विधवा पतीच्या चितेवर जळाली आणि हजारोंनी तेथे गर्दी केली. त्याच वर्षी संसदेने सतीप्रतिबंधक कायदा केला आणि सतीचे उदात्तीकरण हा दंडनीय अपराध ठरवला. एका मालिकेचा आणि त्या घटनेचा कार्यकारणसंबंध जोडणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. कलाकृतीला कायद्याच्या कचेरीत ओढणे तर अधिकच गैर. पण एकाच देशात, एकाच वर्षी, एक चिता भयाने पाहिली गेली आणि एक चिता डोळ्यांत पाणी आणून पाहिली गेली. या दोन पाहण्यांत नेमका कोणता भेद आहे, हे सांगण्याची जबाबदारी आस्वादकावर येते. काळाचे अंतर हा भेद पुरेसा नाही. दोनशे वर्षांनी वेदना कमी होत नाही. ती पाहणाऱ्याला कमी दिसते, इतकेच.

६

मग उपाय काय? चीनमध्ये २०१९ च्या आरंभी पेकिंगच्या सरकारी वृत्तपत्राने अंतःपुरकथांवर चैन, कारस्थान आणि राजवैभवाच्या मोहाचे दोषारोप केले आणि काही वाहिन्यांवरून या मालिका हटवण्यात आल्या. हा मार्ग निरुपयोगी आहे. कारण आक्षेप घेणाऱ्याला स्त्रीच्या जगण्याची चिंता नव्हती, प्रजेच्या शिस्तीची होती. प्रेक्षकाला त्याच्या सुखाबद्दल लाजवणे हाही उपाय नव्हे. दिवसभर यंत्रापुढे बसून परतलेल्या माणसाला संयत प्रेमाची कथा पाहावीशी वाटते, यात हीन असे काही नाही. आक्षेप सुखाला नाही, त्याच्या किमतीला आहे. आणि ती किंमत दुसऱ्या कुणीतरी दिलेली आहे.

मराठीच्या भांडारातच या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट आहे. इतिहासाने मराठी माणसाला रमा-माधवांची आणखी एक जोडी दिली. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशी विवाह झाला. तो एकतीस वर्षांचा विधुर आणि ती अकरा वर्षांची मुलगी. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहाखातर बालिकेशी लग्न करतो, हा विरोधाभास त्या संसाराच्या मुळाशी आहे. १९०१ मध्ये रानडे वारले. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, १९१० मध्ये त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या, मुलींच्या शिक्षणाच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या उभ्या राहिल्या, आणि १९२४ मध्ये वारल्या. या दांपत्याची कथा २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' या नावाने झी मराठीवर आली आणि तिलाही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. म्हणजे पतीवर निरतिशय प्रेम करणारी आणि पतीमागून जगणारी स्त्री नायिका होऊ शकत नाही, हे खरे नाही. प्रेक्षक तिला स्वीकारतो. रूपबंधालाच तिची सवय नाही. शिवाय येथे निर्णायक फरक असा की, या रमाबाईंनी स्वतः लिहिले. तिच्या मनात काय होते ते सांगण्याचे काम कादंबरीकारावर सोपवलेले नाही.

थेऊरच्या रमाबाईला असे लिहिणे शक्य नव्हते. ती जगली असती, तर नऊ महिन्यांनीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात दिराचा खून झालेला तिला कळला असता. पार्वतीबाईच्या शेजारच्या एखाद्या दालनात तिचे आयुष्य सरले असते. त्या आयुष्याला वैभव नसते, पण ते आयुष्य असते. ऐतिहासिक प्रणयकथेच्या लेखकाला त्या दालनात शिरण्याची वाट सापडेल, १९ नोव्हेंबर १७७२ ची सकाळ त्याला लिहिता येईल, त्या दिवशी हा साहित्यप्रकार स्वप्नरंजनाच्या पलीकडे जाईल. तोवर प्रेक्षकाने मालिका जरूर पाहावी. केवळ शेवटच्या दृश्यात ज्वाळा उठतात तेव्हा त्या कशाच्या आहेत, याचा विसर पडू देऊ नये.